व्यासपीठावरची आठवण आणि टेपमधली नोंद : एका वृत्तनिवेदिकेचे प्रकरण

एका वृत्तवाहिनीत संपादकीय मानकांची जबाबदारी माझ्याकडे असताना हे प्रकरण घडले आणि त्यातील काही निर्णय माझे होते, काही चुकाही माझ्या होत्या. संबंधितांच्या संमतीने ते येथे मांडत आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि ज्यांच्याभोवती हे सारे घडले त्यांचा उल्लेख केवळ ‘निवेदिका’ असा केला आहे. बातमीदारी आणि व्याख्याने ही दोन्ही कामे एकत्र करणाऱ्या पत्रकारांची संख्या मोठी आहे. त्यांच्यापुढे असा प्रसंग उभा राहिला, तर तो कोणत्या टप्प्यावर कसा वळू शकतो हे कळावे, एवढा या लेखाचा उद्देश आहे.

पार्श्वभूमी

निवेदिकेची कारकीर्द तेव्हा एकोणीस वर्षांची होती. सुरुवात रेडिओवर, रात्रपाळीची बातमीपत्रे लिहिण्यापासून आणि वाचण्यापासून झाली. रेडिओने त्यांना दोन सवयी लावल्या आणि त्या शेवटपर्यंत टिकल्या. ऐकणाऱ्याला मागे जाऊन वाक्य पुन्हा वाचता येत नाही, म्हणून वाक्य छोटे ठेवायचे, ही पहिली. आपण हजारोंशी नव्हे, तर एका माणसाशी बोलत आहोत असे समजून बोलायचे, ही दुसरी. पुढे त्या दूरचित्रवाणीत आल्या, आठ वर्षे प्रत्यक्ष घटनास्थळांवरून वार्तांकन केले आणि त्यानंतर रात्री नऊच्या मुख्य बातमीपत्राच्या अँकर झाल्या.

त्यांची ओळख मात्र घडली ती एका पुराच्या वार्तांकनातून. या प्रकरणाच्या सात वर्षे आधी, बचाव पथकाच्या बोटीतून केलेला त्यांचा पावणेचार मिनिटांचा वृत्तांत खूप पाहिला गेला. पाण्याने वेढलेल्या घराच्या छतावरून एका वृद्ध बाईंना खाली घेतले जाते, असा तो प्रसंग होता. त्यानंतर त्यांना भाषणांची निमंत्रणे येऊ लागली. आधी पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांसमोर, विनामूल्य. मग निरनिराळ्या संस्थांच्या मेळाव्यांत. आणि शेवटी, वक्त्यांच्या कार्यक्रमांची व्यवस्था पाहणाऱ्या एका मध्यस्थामार्फत, मानधन घेऊन, कंपन्यांच्या वार्षिक सभांमध्ये. पाच वर्षांत अशी साठच्या आसपास व्याख्याने झाली. विषय बहुतेक वेळा एकच असे : संकटात स्थिर कसे राहावे.

पत्रकाराने व्यासपीठावर जाऊ नये असे माझे मत नाही. १५ ऑक्टोबर १९५८ रोजी शिकागो येथे रेडिओ आणि दूरचित्रवाणीच्या वृत्तसंचालकांसमोर अमेरिकेतील सीबीएस नेटवर्कचे पत्रकार एडवर्ड मरो यांनी केलेले भाषण हे प्रसारण पत्रकारितेच्या इतिहासातील महत्त्वाचे भाषण आहे. दूरचित्रवाणी लोकांना वास्तवापासून दूर नेत आहे, हे त्यांनी आपल्याच व्यवसायातील लोकांना तोंडावर सांगितले आणि त्यामुळे त्यांच्या स्वतःच्या नेटवर्कच्या प्रमुखांशी असलेले संबंधही बिघडले. बातमीपत्रात जे सांगता येत नाही ते सांगण्यासाठी व्यासपीठ वापरता येते, याचे ते उदाहरण आहे. प्रश्न व्यासपीठाचा नसून त्याच्यामागे कोणती यंत्रणा उभी असते, याचा आहे.

स्टुडिओत अँकर एकटी दिसते, पण ती एकटी नसते. तिच्या कानातल्या इअरपीसमध्ये निर्मात्याचा आवाज असतो. टेलिप्रॉम्प्टरवरची ओळ उपसंपादकाने लिहिलेली आणि दुसऱ्याने तपासलेली असते. रनडाउनमध्ये, म्हणजे बातम्यांच्या क्रमाच्या यादीत, प्रत्येक बातमीची वेळ सेकंदांत ठरलेली असते, आणि प्रक्षेपित झालेले सारे साठवले जाते. एखादे विशेषण जड झाले तर आउटपुट डेस्कवरचा, म्हणजे प्रक्षेपणापूर्वी मजकूर तपासणाऱ्या कक्षातला, कोणीतरी ते काढून टाकतो. व्याख्यानात यातले काहीच नसते. तिथे वक्ता, माइक आणि समोरचे लोक एवढेच असतात. वक्त्याला तत्काळ मिळणारी दाद हा तिथला एकमेव संपादक असतो, आणि त्याला खरे-खोटे कळण्याचा काही मार्ग नसतो. एखाद्या वाक्यावर सभागृह शांत झाले की ते वाक्य पुढच्या वेळी टिकते. ज्या वाक्यावर कोणी हलत नाही ते गळून जाते. साठ वेळा असे झाल्यावर उरते ती गोष्ट घडलेल्या प्रसंगापेक्षा ऐकणाऱ्यांच्या प्रतिसादाने अधिक घडलेली असते. हे मला आज स्पष्ट दिसते. तेव्हा दिसत नव्हते.

आमच्या वाहिनीत बाहेरच्या व्याख्यानासाठी परवानगीचा अर्ज भरावा लागे. त्यावर तारीख, ठिकाण आणि कार्यालयीन वेळेशी होणारा संघर्ष एवढ्याच गोष्टी विचारल्या जात. आयोजकांचा व्यवसाय काय, खर्च कोण करते, मानधन किती आणि भाषणाचा विषय काय, यासाठी अर्जात जागाच नव्हती. मी अशा कित्येक अर्जांवर सही केली होती.

प्रश्न कसा उभा राहिला

त्या वर्षी पुन्हा एकदा मोठा पूर येऊन गेला होता. काही महिन्यांनी आमच्या बातमीदाराने एक बातमी आणली : एका विमा कंपनीने पूरग्रस्तांचे अनेक दावे पॉलिसीतील एका कलमाचा आधार घेऊन नाकारले होते. बातमीदाराकडे नकाराची पत्रे होती, दावेदारांच्या मुलाखती होत्या. कंपनीची बाजू घेण्यासाठी तिच्या प्रमुखांना रात्री नऊच्या बातमीपत्रात थेट मुलाखतीसाठी बोलावण्यात आले आणि त्यांनी होकार दिला.

होकार कळवताना कंपनीच्या जनसंपर्क अधिकाऱ्याने असाइनमेंट डेस्कला, म्हणजे वार्तांकनाचे नियोजन करणाऱ्या कक्षाला, सहज विचारले, “मुलाखत मॅडमच घेणार ना? त्या आमच्या परिचयाच्या आहेत.” डेस्कवरच्या तरुण सहकाऱ्याला हे वाक्य खटकले आणि त्याने ते माझ्यापर्यंत आणले. त्याने ते आणले नसते, तर पुढचे काहीही घडले नसते, हे नमूद करणे मला आवश्यक वाटते. ज्या संस्थेत सर्वांत कनिष्ठ माणूस अशी शंका निःसंकोच बोलू शकतो, तिथली अर्धी मानके न लिहिताच पाळली जातात.

मी निवेदिकेला विचारले. त्यांनी लगेच सांगितले की अकरा आठवड्यांपूर्वी याच कंपनीच्या वार्षिक मेळाव्यात त्यांनी मानधन घेऊन व्याख्यान दिले होते. त्यात लपवण्यासारखे काही आहे असे त्यांना वाटतही नव्हते. अर्ज केला होता, परवानगी मिळाली होती, आणि परवानगीवर सही माझी होती. तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. मुलाखतीला दहा तास उरले होते.

त्या दिवशी समोर असलेले पर्याय

दुपारच्या बैठकीत मुख्य संपादक, बुलेटिनचे निर्माते, निवेदिका आणि मी असे चौघे होतो. मुख्य संपादकांचा कल मुलाखत निवेदिकेनेच घ्यावी असा होता. त्या आमच्याकडच्या सर्वांत तयारीच्या मुलाखतकार होत्या आणि विम्याच्या कलमांसारख्या किचकट विषयात समोरच्याला निसटू न देणे हे कसबाचे काम होते. निवेदिकेचेही म्हणणे तेच होते. त्या म्हणाल्या, “मी उलट अधिकच कठोर प्रश्न विचारीन.”

मला या वाक्यातच अडचण दिसली. अधिक कठोर होणे हीसुद्धा समतोलापासून ढळण्याचीच एक रीत आहे. प्रेक्षकाला पुढे कधीतरी मानधनाची गोष्ट कळली, तर ती कठोरता पुराव्यातून आली होती की स्वतःची निष्पक्षता सिद्ध करण्याच्या गरजेतून आली होती, हे त्याला ठरवता येणार नाही. समोर बसलेल्या कंपनीप्रमुखांवरही तो अन्यायच ठरला असता.

दुसरा पर्याय निर्मात्यांनी सुचवला : मुलाखत दुसऱ्या अँकरकडे द्यावी आणि कारण सांगू नये. हा मार्ग सोपा होता, आणि अनेक वृत्तकक्षांत असेच केले जाते. परंतु कंपनीला कारण माहीत होते. आम्हाला माहीत होते. फक्त प्रेक्षकाला माहीत नसणार होते. माहिती सर्वांकडे असावी आणि ज्याच्यासाठी आपण काम करतो त्याच्याकडेच ती नसावी, हे मला पटेना.

तिसरा पर्याय उघड सांगून तरीही मुलाखत निवेदिकेनेच घेण्याचा होता, आणि चौथा उघड सांगून बाजूला होण्याचा. तिसऱ्या पर्यायाच्या बाजूने खरोखर बोलण्यासारखे होते, कारण प्रामाणिक कथनाने पुष्कळ शंका दूर होतात. त्याविरुद्ध माझा मुद्दा एवढाच होता की त्या रात्रीचा विषय पूरग्रस्तांचे दावे हा होता. मुलाखतकाराच्या मानधनाची छाया घेऊन सुरू झालेली मुलाखत दावेदारांची उरली नसती. तिचा विषय मुलाखतकारच झाली असती.

या प्रश्नावर आमच्या आधी अनेकांनी विचार केला होता, याची बैठकीत मदत झाली. अमेरिकेतील पत्रकारांच्या जुन्या संघटनेची, सोसायटी ऑफ प्रोफेशनल जर्नालिस्ट्सची आचारसंहिता भेटी, मानधन, मोफत प्रवास नाकारायला सांगते आणि हितसंबंधांचा संघर्ष प्रत्यक्ष असो वा केवळ भासणारा, तो टाळा असे म्हणते. त्यातला ‘भासणारा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. आपले मन शुद्ध आहे हे पत्रकाराला ठाऊक असते, पण प्रेक्षकाला फक्त परिस्थिती दिसते. १९९४मध्ये अमेरिकेतील एबीसी न्यूज या वृत्तवाहिनीने आपल्या वार्ताहरांना कंपन्या आणि व्यापारी संघटनांकडून भाषणांचे मानधन घेण्यास मनाई केली होती. बीबीसीने वेगळी वाट धरली : २०२१पासून तिने आपल्या पत्रकारांच्या आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या बाहेरच्या मानधनाच्या कार्यक्रमांची यादी दर तीन महिन्यांनी प्रसिद्ध करायला सुरुवात केली. एकीकडे बंदी, दुसरीकडे प्रकटीकरण. आमच्याकडे दोन्ही नव्हते, फक्त तारीख आणि ठिकाण विचारणारा अर्ज होता.

त्या रात्री काय केले

चौथा पर्याय ठरला. मुलाखत दुसऱ्या सहकाऱ्याने घ्यायची आणि ते निवेदिकेनेच, स्वतःच्या तोंडाने, मुलाखतीच्या अगोदर सांगायचे. शब्दांवरून तासभर चर्चा झाली. विधी विभागाच्या मते “एका कार्यक्रमात सहभागी झाले होते” एवढे पुरेसे होते. निवेदिकेने हे स्पष्ट नाकारले. त्यांचे म्हणणे असे होते की ‘सहभागी’ हा शब्द प्रेक्षकासाठी नाही, आपल्या सोयीसाठी निवडलेला आहे. मुलाखत आपणच घ्यावी असा दुपारी आग्रह धरणाऱ्या त्यांनी रात्री हा शब्द नाकारला, हे पाहून त्यांच्याविषयीचा माझा आदर वाढला.

शेवटी त्यांनी वाचले ते असे : “या विषयावरची पुढील मुलाखत माझे सहकारी घेतील. संबंधित कंपनीच्या कार्यक्रमात मी याच वर्षी मानधन घेऊन व्याख्यान दिले आहे, म्हणून ही मुलाखत मी घेत नाही.” पंधरा सेकंदही लागले नाहीत. मुलाखत चांगली झाली, निवेदिकेच्या हातून झाली असती तितकी धारदार नव्हे. ती किंमत आम्ही मोजली.

मानधनाचे काय करायचे हा प्रश्न दुसऱ्या दिवशी आला. रक्कम पूरग्रस्तांसाठी द्यावी असे निवेदिकेच्या मनात होते. मी त्याला विरोध केला, कारण ज्या विषयाची बातमी चालू आहे त्याच विषयाशी त्यातून आणखी एक आर्थिक धागा जोडला गेला असता. आणि रक्कम परत केल्याने ती घेतली होती ही गोष्ट पुसली जाणार नव्हती. ती तशीच ठेवून तिची नोंद जाहीर करावी असे ठरले. या निर्णयाबद्दल माझ्या मनात आजही पूर्ण निश्चिती नाही. रक्कम परत करणे अधिक स्वच्छ दिसले असते, असे मानणारे सहकारी तेव्हाही होते आणि त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते.

टेपमधून निघालेला दुसरा प्रश्न

येथपर्यंत हे प्रकरण हितसंबंधांचे होते आणि ते येथेच संपले असते. परंतु त्या व्याख्यानात निवेदिका कंपनीविषयी नेमके काय बोलल्या होत्या, हे पाहणे माझे कर्तव्य होते, म्हणून मी आयोजकांकडून ध्वनिचित्रमुद्रण मागवले. कंपनीविषयी एकच वाक्य होते, अशा वेळी तुमच्यासारख्या संस्था लोकांच्या पाठीशी उभ्या असतात, असे, यजमानांप्रती सौजन्य म्हणून बोललेले. अकरा आठवड्यांनंतरच्या बातमीच्या शेजारी ठेवले तर ते वाईट दिसत होते, पण मला थांबवले ते दुसऱ्याच गोष्टीने.

भाषणाच्या मध्यावर त्यांनी पुराचा प्रसंग सांगितला. छताच्या कडेला बोट टेकली, पाण्याला ओढ होती, आणि “मी माइक खाली टाकला, हात पुढे केला आणि त्या आजींना बोटीत ओढून घेतले.” सभागृहात काही क्षण कोणी श्वासही घेत नव्हते असे त्या मुद्रणात जाणवते. सात वर्षांपूर्वीच्या त्या रात्री मी आउटपुट डेस्कवर होतो आणि वृत्तांताची संहिता माझ्या हाताखालून गेली होती. मला वेगळे आठवत होते. मी जुनी संहिता काढली. तिच्यात लिहिले होते : बचाव पथकातील एका सदस्याने आजींना बोटीत घेतले.

प्रक्षेपित वृत्तांतात तो क्षण दिसत नाही. छतावरच्या आजी दिसतात आणि पुढच्याच दृश्यात त्या बोटीत बसलेल्या दिसतात. बोट हलत असल्याने मधली दृश्ये संकलनात वगळली होती. म्हणूनच इतकी वर्षे कोणाच्या लक्षात काही आले नाही. ग्रंथालयातून रॉ फुटेज, म्हणजे संकलनापूर्वीचे मूळ चित्रण, मागवले. ते सत्तेचाळीस मिनिटांचे होते. निवेदिका, त्या दिवसाचे कॅमेरामन आणि मी असे तिघांनी ते एकत्र पाहिले.

एकतिसाव्या मिनिटाला पथकातील एक माणूस गुडघ्यावर वाकून आजींच्या काखेत हात घालतो आणि त्यांना उचलून घेतो. निवेदिका त्याच्या मागे आहेत. एका हातात माइक, दुसऱ्या हातात कॅमेरामनने धरायला दिलेला छोटा दिवा. कॅमेरामन फार हळू बोलले, “मॅडम, तो हात तुमचा नव्हता. मी दोन-तीन भाषणांत ऐकले होते. मला वाटले, भाषणात असे चालत असेल.”

निवेदिका बराच वेळ बोलल्या नाहीत. मग त्यांनी मागे जाऊन तो भाग पुन्हा लावायला सांगितला. त्या खोटे बोलत होत्या असे मी तेव्हा मानले नाही आणि आजही मानत नाही. पहिल्या एक-दोन भाषणांची मुद्रणे उपलब्ध होती. पहिल्यात त्या म्हणतात, “आम्ही त्यांना बोटीत घेतले.” पुढे कधीतरी ‘आम्ही’चा ‘मी’ झाला. हात नंतर आला. माइक खाली टाकणे सर्वांत शेवटी आले. प्रत्येक पाऊल लहान होते आणि प्रत्येक पावलाला सभागृहाने दाद दिली होती.

आठवण अशी घडते हे मानसशास्त्राला बऱ्याच काळापासून माहीत आहे. १९३२मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात फ्रेडरिक बार्टलेट यांनी दाखवले की गोष्ट पुन्हा पुन्हा सांगताना माणूस ती आपल्या समजुतीच्या साच्यात बसवत जातो. १९७४मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी अपघाताची चित्रफीत दाखवून असे दाखवले की प्रश्नातले एक क्रियापद बदलले तरी साक्षीदाराचा वेगाचा अंदाज बदलतो. हे आम्ही पत्रकार साक्षीदारांच्या मुलाखती घेताना ध्यानात ठेवतो. आपणही साक्षीदार असतो, हे मात्र विसरतो.

दुरुस्ती करायची की नाही, आणि कुठे

येथे पुन्हा निर्णयाचा टप्पा आला आणि तो मला पहिल्यापेक्षा कठीण वाटला. एक मत असे होते की ही भाषणातली गोष्ट आहे, बातमी नव्हे. पुढील भाषणांत ती बरोबर सांगावी आणि विषय संपवावा. त्याला मोठा आधार होता, कारण मूळ वृत्तांत निर्दोष होता. दुसरे मत होते की जाहीर दुरुस्ती करावी. तिसरे, म्हणजे कोणी विचारलेच तर खुलासा करावा, हे मत एका वरिष्ठाने मांडले आणि निवेदिकेने ते स्वतःच बाजूला सारले.

वळण दिले ते निर्मात्यांच्या आठवणीने. दोन वर्षांपूर्वी आमच्याच वाहिनीच्या वर्धापनदिनाच्या विशेष कार्यक्रमात निवेदिकेने हाच प्रसंग वाढवलेल्या रूपात सांगितला होता. म्हणजे ती गोष्ट आमच्या पडद्यावरून गेली होती. जे प्रक्षेपित झाले त्याची दुरुस्ती प्रक्षेपणातच व्हायला हवी, याविषयी मग वाद उरला नाही.

२०१५मधील ब्रायन विल्यम्स यांचे प्रकरण आम्ही सर्वांनी नीट वाचले. २००३मध्ये इराकमध्ये आपण बसलेल्या हेलिकॉप्टरवर हल्ला झाला असे अमेरिकेतील एनबीसी वाहिनीचे हे मुख्य निवेदक सांगत आले होते. प्रत्यक्षात हल्ला दुसऱ्या हेलिकॉप्टरवर झाला होता आणि हे त्या वेळी तिथे असलेल्या सैनिकांनी पुढे आणले. विल्यम्स यांना सहा महिने बिनपगारी निलंबित करण्यात आले आणि मुख्य बातमीपत्राची जागा पुढे लेस्टर होल्ट यांच्याकडे गेली. त्यांच्या माफीत आपल्या मनात दोन हेलिकॉप्टर एकमेकांत मिसळली असा खुलासा होता आणि त्यावर बरीच टीका झाली. आम्ही त्यातून घेतले ते हे की दुरुस्तीत आधी काय घडले ते सांगावे, मग आपण काय सांगितले ते, आणि स्मरणशक्तीचे स्पष्टीकरण शक्य तितके टाळावे. कारण खरे असले तरी, ते आधी आले की सबबीसारखे ऐकू येते.

दुरुस्तीच्या आधी निवेदिकेने एक गोष्ट स्वतःहून केली. त्या बचाव पथकातील माणसाचा शोध घेतला आणि त्यांना फोन केला. ते आता निवृत्त झाले होते. त्यांनी यातले एकही भाषण ऐकलेले नव्हते आणि त्यांना राग आला नाही. आजी नंतर कुठे गेल्या एवढेच त्यांनी विचारले. तोपर्यंत आम्ही सर्व हा प्रश्न विश्वासार्हतेचा समजत होतो. त्या फोननंतर मला कळले की एका माणसाने केलेले काम साठ सभागृहांत दुसऱ्याच्या नावावर जमा झाले होते, आणि खरे नुकसान ते होते.

नऊच्या बातमीपत्राच्या शेवटी दुरुस्ती वाचली गेली. पथकातील माणसाने काय केले ते सांगितले, एकतिसाव्या मिनिटाचे दृश्य दाखवले, वर्धापनदिनाच्या कार्यक्रमातील आणि अनेक व्याख्यानांतील आपले कथन चुकीचे होते असे निवेदिकेने म्हटले आणि त्या माणसाची क्षमा मागितली. ज्या तीन व्याख्यानांची मुद्रणे सार्वजनिक होती, त्यांच्या आयोजकांना मुद्रणासोबत दुरुस्तीची टीप जोडण्याची पत्रे गेली.

परिणाम

काही दिवस टीका झाली, त्यातली काही कडवट होती. ठरलेली दोन व्याख्याने आयोजकांनी रद्द केली. मध्यस्थाने करार पुढे चालू ठेवला नाही. निवेदिकेने सहा महिने एकही भाषण घेतले नाही, बातमीपत्र मात्र चालू ठेवले. त्यांना काही काळ पडद्यापासून दूर ठेवावे असे व्यवस्थापनातील काहींना वाटत होते. मुख्य संपादकांनी ते मान्य केले नाही, कारण बातमीत चूक नव्हती आणि चूक आम्हीच, कोणी उघड करण्याच्या आधी, सांगितली होती.

परवानगीचा अर्ज बदलला. आयोजक, खर्च करणारा, मानधन, विषय आणि पुढील बारा महिन्यांत त्या क्षेत्राची बातमी येण्याची शक्यता, हे सारे त्यात आले. ज्या कंपन्यांची बातमी आम्ही देऊ शकतो त्यांच्याकडून मानधन घेणे बंद झाले. म्हणजे व्यवहारात बहुतेक कंपन्यांकडून घेणे बंद झाले, आणि काही सहकाऱ्यांचे उत्पन्न खरोखर घटले. हा बदल सर्वांना आनंदाने पटला असे म्हणणे चुकीचे ठरेल. वार्तांकनातले प्रसंग व्याख्यानात सांगायचे असतील तर मूळ संहिता आणि शक्य असेल तिथे रॉ फुटेज आधी पाहायचे, अशीही रीत पडली.

सहा महिन्यांनी निवेदिकेने पहिले भाषण पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांसमोर, विनामूल्य केले. त्यात त्यांनी टेप लावली. टेपमध्ये आणखी एक गोष्ट आहे, जी त्यांच्या कोणत्याही जुन्या भाषणात नव्हती. बोटीत बसल्यावर आजी सतत एकच सांगत राहतात, “माझी किल्ली वर राहिली.” घर पाण्याखाली आहे आणि त्यांना कुलपाची किल्ली हवी आहे. निवेदिका त्यांना काहीच उत्तर देत नाहीत, कारण देण्यासारखे उत्तर नाही. भाषणानंतर त्या मला म्हणाल्या की या गोष्टीला पूर्वीसारखी दाद मिळत नाही, लोक थोडे गोंधळून बघतात. त्यांनी ती तरीही तशीच ठेवली आहे.

काय वेगळे करता आले असते

पहिली चूक माझ्या सहीची. व्याख्यानाचा अर्ज ही रजेची नोंद नसून संपादकीय निर्णय आहे, हे मी पाच वर्षांत एकदाही मनावर घेतले नाही. आयोजक कोण आहेत एवढा एक प्रश्न विचारला असता, तर विमा कंपनीचे निमंत्रण नाकारले गेले असते किंवा निदान त्याची नोंद आमच्यापुढे असती. निवेदिकेने अर्ज केला होता. संस्थेने विचारले नव्हते. दोष वाटताना हा फरक विसरता येत नाही.

कॅमेरामनना दोन-तीन वर्षे जे ठाऊक होते ते त्यांनी का सांगितले नाही, याचा मी बराच विचार केला. त्यांनी स्वतः दिलेले कारण, भाषणात असे चालत असेल, हे मला खरे वाटते. घटनास्थळी गेलेल्या सर्वांना त्या प्रसंगाच्या कथनावर बोलण्याचा अधिकार आहे, हे आम्ही कधी मोकळेपणाने सांगितले नव्हते. आज मी असतो तर अशा व्याख्यानाचा मसुदा आधी त्यांच्याकडे पाठवला असता, संपादकाकडे नंतर.

दुरुस्तीला उशीर झाला का, याविषयी मतभेद आहेत. टेप पाहिल्यापासून दुरुस्ती वाचेपर्यंत नऊ दिवस गेले. त्यातले चार पथकातील माणसाला शोधण्यात गेले आणि ते योग्य होते असे मला वाटते. उरलेले पाच दिवस शब्दांच्या घोळात गेले, आणि ते वाचवता आले असते.

निवेदिकेला विचारले, तर त्या वेगळेच उत्तर देतात. पहिल्या भाषणातला ‘आम्ही’ टिकवायला हवा होता, एवढेच त्या म्हणतात.

तीन आयोजकांपैकी दोघांनी मुद्रणासोबत टीप जोडली. तिसऱ्यांना निवेदिका दर सहा महिन्यांनी पुन्हा पत्र लिहितात. ते मुद्रण अजून जसेच्या तसे पाहता येते, आणि त्यात त्या माइक खाली टाकताना स्वतःला ऐकू येतात.